पहिली गाठ : घन आधारावरच्या पेप्टाइड संश्लेषणाची प्रस्तावना

पेप्टाइडवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये, बहुधा मधल्या कप्प्यात, एक लहान पांढरी बाटली असते. आत पिवळसर, बारीक रव्यासारखं काहीतरी. बाहेर चिकटवलेल्या चिठ्ठीवर एकच ओळ : एफमॉक-व्हॅलिन-वँग रेझिन, १००–२०० मेश, १ टक्का डीव्हीबी, ०.६ मिलिमोल प्रति ग्रॅम. नवा विद्यार्थी ही ओळ वाचत नाही. त्यातला ‘व्हॅलिन’ तेवढा त्याच्या नजरेला पडतो. आपल्या पेप्टाइडचं शेवटचं अमिनो आम्ल व्हॅलिनच आहे ना, एवढं ताडून तो वजनकाट्याकडे वळतो. मीही सुरुवातीला असंच करत असे. हे पुस्तक त्या एका ओळीविषयी आहे असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण फार नाही.

विषयाची तोंडओळख करून देणं हे प्रस्तावनेचं काम. म्हणून अगदी मुळापासून सुरुवात करतो.

आपल्या शरीरातली प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. प्रत्येक अमिनो आम्लाला दोन हात असतात. एक अमिनो गटाचा, दुसरा कार्बॉक्सिल गटाचा. एकाचा कार्बॉक्सिल हात दुसऱ्याच्या अमिनो हातात गेला, मधून पाण्याचा एक रेणू निघून गेला, की पेप्टाइड बंध तयार होतो. असे दुवे जोडत गेलं की लहान साखळीला पेप्टाइड म्हणायचं, आणि लांब होऊन विशिष्ट घडी घालून बसलेल्या साखळीला प्रथिन.

कागदावर हे सोपं दिसतं. चंचुपात्रात ग्लायसिन आणि ॲलनिन एकत्र करून त्यांना जोडायला लावलं, तर कोणाचा कोणता हात कोण धरेल यावर आपला ताबा राहत नाही. ग्लायसिन-ॲलनिन हवं असेल तर त्याबरोबर ॲलनिन-ग्लायसिन, ग्लायसिन-ग्लायसिन, ॲलनिन-ॲलनिन आणि त्यांच्याही पुढच्या लांब साखळ्या, अशी सगळी वरात पदरी पडते. म्हणून जो हात नको आहे तो आधी बांधून ठेवायचा, जोडणी झाल्यावर सोडायचा. या बांधण्या-सोडण्याचा इतिहास म्हणजेच बऱ्याच अंशी पेप्टाइड रसायनाचा इतिहास.

एमिल फिशरने १९०१ मध्ये अर्नेस्ट फूर्नोच्या साथीने ग्लायसिल-ग्लायसिन केलं, आणि १९०७ पर्यंत अठरा अमिनो आम्लांच्या साखळीपर्यंत मजल मारली. तिच्यात पंधरा ग्लायसिन आणि तीन ल्युसिन होते. पण बांधलेला हात साखळीला धक्का न लावता सोडवायची युक्ती त्याच्याकडे नव्हती, आणि तिथे गाडी अडली. ती युक्ती १९३२ मध्ये ड्रेस्डेनच्या चर्म-संशोधन संस्थेत सापडली. माक्स बर्गमान आणि लिओनिदास झेर्वास यांनी कार्बोबेन्झॉक्सी हा संरक्षक गट आणला. अमिनो हात त्याने झाकायचा आणि नंतर हायड्रोजनच्या साह्याने अलगद मोकळा करायचा. पुढच्याच वर्षी नाझी राजवटीने बर्गमानला संस्थेतून काढलं, आणि तो न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेला. पेप्टाइड रसायनाचं एक रोप असं समुद्रापार गेलं आणि तिथे रुजलं.

या परंपरेतला मोठा विजय १९५३ चा. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचं संप्रेरक प्रयोगशाळेत घडवलं, आणि १९५५ चं नोबेल त्यांना मिळालं. पण नऊ दुव्यांसाठी लागणारी मेहनत बघा. प्रत्येक जोडणीनंतर मिश्रण वेगळं करायचं, शुद्ध करायचं, शक्य तर स्फटिक काढायचे, मग पुढचा दुवा. दर टप्प्याला थोडा माल हातचा जायचा. साखळी जरा लांबली की ती कशातच विरघळत नसे. लहानशा पेप्टाइडवर महिनेच्या महिने जात.

हा त्रास स्वतः भोगलेला एक माणूस म्हणजे रॉबर्ट ब्रूस मेरिफील्ड. जन्म १९२१ चा, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा. १९४९ मध्ये तो रॉकफेलर संस्थेत आला. मे १९५९ मध्ये त्याने आपल्या प्रयोगवहीत एक कल्पना टिपून ठेवली. साखळीचं एक टोक न विरघळणाऱ्या घन कणाला पक्कं बांधायचं आणि दुसऱ्या टोकाकडून एकेक अमिनो आम्ल जोडत जायचं. शुद्ध करण्याची भानगडच नाही. जे जोडलं गेलं ते कणावर राहील, उरलेलं सगळं गाळणीतून धुवून टाकायचं.

बाजारात गजरे करणाऱ्या बाईकडे पाहिलं की ही कल्पना चटकन समजते. ती दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवते. दोन्ही हात मोकळे. फूल ठेवायचं, वेढा द्यायचा, आवळायचं. गजरा कितीही लांबला तरी हातातून निसटत नाही, आणि पाकळ्यांचा कचरा झटकून टाकता येतो. मेरिफील्डने रसायनशास्त्रज्ञाला तो अंगठा दिला. मात्र त्या टोकाची गाठ सैल असेल, तर वर कितीही निगुतीने फुलं बांधा, गजरा मागून सुटतच राहणार. या पुस्तकातलं माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे : सारी पद्धत त्या पहिल्या गाठीवर उभी आहे, आणि आपण सर्वांत कमी लक्ष तिच्याकडेच देतो.

खुद्द मेरिफील्डही आधी तिथेच अडला. सेल्युलोजसारखे आधार त्याने वापरून पाहिले आणि सोडले. शेवटी तो पॉलिस्टायरीनच्या मण्यांवर आला. पहिलं अमिनो आम्ल मण्याला बेन्झिल एस्टरच्या बंधाने बांधलं. आता अडचण अशी, की इथे कार्बोबेन्झॉक्सी काढायला हायड्रोजनऐवजी जे तीव्र आम्ल लागे तेच मण्याकडची गाठही कुरतडे. त्याने मण्यांवर नायट्रो गट चढवून गाठ कणखर केली आणि काम पुढे रेटलं. १९६३ मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’त त्याचा एकट्याच्या नावाचा लेख आला. चार अमिनो आम्लांचं पेप्टाइड : ल्युसिन, ॲलनिन, ग्लायसिन, व्हॅलिन. साखळी शेवटाकडून मागे बांधली जात असल्याने मण्याला पहिल्यांदा बांधलं गेलं ते व्हॅलिन.

शरीरातल्या रायबोसोमवर साखळी अमिनो टोकापासून कार्बॉक्सिल टोकाकडे वाढते. आपली ही उलटी गंगा. त्यामागे कारण आहे. योग्य संरक्षक गट चढवलेलं एकेकटं अमिनो आम्ल सक्रिय केलं तर ते आपला डावा-उजवेपणा, म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबासारख्या दोन रूपांपैकी आपलं रूप, बहुतेक वेळा टिकवून धरतं. साखळीच्याच कार्बॉक्सिल टोकाला सक्रिय करायला गेलं तर तो बिघडण्याचा धोका कितीतरी वाढतो.

१९६३ च्या लेखानंतर लगेचच मेरिफील्ड कार्बोबेन्झॉक्सी सोडून बॉक या संरक्षक गटाकडे वळला. १९५७ पासून माहीत असलेला हा गट सौम्य आम्लाने निघतो. १९६४ मध्ये नऊ अमिनो आम्लांचं ब्रॅडिकायनिन झालं. १९६५ मध्ये त्याच्या घराच्या तळघरात पहिलं स्वयंचलित यंत्र उभं राहिलं, आणि १९६९ मध्ये बेर्न्ड गुटे या सहकाऱ्याबरोबर त्याने रायबोन्युक्लिएज ए हे १२४ अमिनो आम्लांचं विकर घडवलं. ३६९ रासायनिक अभिक्रिया, यंत्राच्या ११,९३१ हालचाली. या विकराचं शेवटचं अमिनो आम्लही व्हॅलिनच. म्हणजे त्या अकरा हजारांवर हालचालींच्या मुळाशीही मण्याला बांधलेलं एक व्हॅलिन होतं. जुन्या वळणाचे रसायनशास्त्रज्ञ मात्र नाकं मुरडत होते. मधला एकही टप्पा शुद्ध न करता शेवटी हाती येतं ते एकच द्रव्य कशावरून, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न वाजवी होता. त्याचं उत्तर द्यायला शुद्धीकरणाची तंत्रं सुधारावी लागली. १९८४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मेरिफील्डला एकट्याला मिळालं.

आता तो मणी, म्हणजे रेझिनचा कण, जवळून पाहू. पॉलिस्टायरीनच्या लांब साखळ्यांना १ टक्का डायव्हिनिलबेन्झीनने आडवे टाके घालून तो बनवलेला असतो. चिठ्ठीवरचं ‘१ टक्का डीव्हीबी’ ते हेच. व्यास साधारण ७५ ते १५० मायक्रॉन, म्हणजे १००–२०० मेश. कोरडा असताना तो टणक दिसतो. डायक्लोरोमिथेन किंवा डायमिथिलफॉर्मामाइड, म्हणजे डीएमएफमध्ये टाकला की भिजवलेल्या साबुदाण्यासारखा फुगतो, आकारमानाने चार-सहा पट. टाके जास्त घातले तर मणी फुगत नाही, कमी घातले तर त्याचा लगदा होतो. साखळ्या मण्याच्या केवळ पृष्ठभागावर वाढतात हा सार्वत्रिक गैरसमज आहे. जवळजवळ सगळं काम आत, फुगलेल्या जाळीत चालतं. एकेका मण्यात दहा लाख कोटींहून जास्त साखळ्या एकाच वेळी वाढत असतात. म्हणून मणी नीट फुगवणं ही पूर्वतयारी नसून संश्लेषणाचाच भाग आहे. घाईत अर्धवट भिजवलेल्या रेझिनने दगा दिल्याची उदाहरणं प्रत्येक प्रयोगशाळेत सापडतील.

मेरिफील्डच्या बॉक पद्धतीत एक गैरसोय राहिली होती. तिथली सगळी कुलपं एकाच जातीच्या किल्लीने उघडत. फरक फक्त जोराचा. बॉक सौम्य आम्लाने निघे, आणि मण्याची गाठ व अमिनो आम्लांच्या बाजूच्या फांद्यांवरची संरक्षक आवरणं शेवटी तीव्र आम्लाने. पण दर फेरीत सौम्य आम्लही गाठीला थोडंथोडं खाई. मेरिफील्डच्याच गटाने पुढे पॅम रेझिन आणलं. त्याची गाठ बॉक काढणाऱ्या ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लापुढे सुमारे शंभर पट टिकाऊ होती. पण मग शेवटच्या तोडणीला निर्जल हायड्रोजन फ्लुओराइड लागे. हे काच खातं, माणसालाही सोडत नाही. त्यासाठी फ्लुओरोपॉलिमरची वेगळी उपकरणं लागत.

सुटका झाली ती दुसऱ्या जातीच्या किल्लीने. लुई कार्पिनो आणि ग्रेस हान यांनी १९७० मध्ये एफमॉक हा संरक्षक गट मांडला. तो आम्लाला दाद देत नाही. पिपरिडीनसारख्या आम्लारीने मात्र काही मिनिटांत निघतो. १९७८ च्या सुमाराला तो घन आधारावर वापरात आला, आणि केंब्रिजमध्ये रॉबर्ट शेपर्ड यांच्या गटाने त्याची पद्धत बसवून दिली. आता अमिनो हात आम्लारीने उघडायचा, आणि बाजूची आवरणं व मण्याची गाठ शेवटी एकदाच ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लाने. दोन कुलपं, दोन किल्ल्या. एकीने दुसरं चुकूनही उघडत नाही. आज नव्याने शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण एफमॉकनेच सुरुवात करतो, आणि हे पुस्तकही मुख्यतः त्याच वाटेने जातं.

आता मूळ मुद्दा. मण्यावर पहिलं अमिनो आम्ल कसं चढवायचं? पुढच्या जोडण्या अमिनो हाताशी होतात, आणि तो हात तत्पर असतो. पहिली जोडणी मात्र वँग रेझिनवरच्या अल्कोहोल गटाशी करायची असते. सू-सुन वँग यांनी १९७३ मध्ये आणलेलं हे रेझिन आजही सगळीकडे दिसतं. अल्कोहोल गट सुस्त. त्याला ढोसायला डीएमएपी नावाचा उत्प्रेरक घालावा लागतो, आणि तिथून संकटं सुरू होतात. डीएमएपीमुळे काही रेणूंचा डावा-उजवेपणा बिघडतो. सिस्टीन आणि हिस्टिडीन यांत सर्वांत नाजूक. शिवाय डीएमएपी स्वतः आम्लारी असल्याने चढवतानाच थोडं एफमॉक गळून पडतं, आणि एकाच जागी एकाऐवजी दोन अमिनो आम्लं चढून बसतात. व्हॅलिन, आयसोल्युसिन यांच्यासारखी अंगाने पसरलेली अमिनो आम्लं तर मुळात चढायलाच खळखळ करतात.

या चुकांचा स्वभाव लक्षात घ्या. सातव्या-आठव्या पायरीवर जोडणी अर्धवट राहिली तर ती तपासता येते, पुन्हा करता येते, उरलेल्या अमिनो हातांवर टोपण बसवून त्या साखळ्या तिथेच थांबवता येतात. पहिल्या पायरीवर शंभरातले दोन व्हॅलिन उलट्या हाताचे बसले, तर ते दोन प्रत्येक पायरीत निमूट पुढे येतात. वस्तुमानमापकाला तो फरक दिसत नाही, कारण वजन तेच. क्रोमॅटोग्राफीतही अशी जुळी बऱ्याचदा एकमेकांना चिकटूनच बाहेर पडतात. मुळातच शिरलेला दोष शेवटापर्यंत सोबत करतो.

म्हणून अमिनो आम्ल आधीच चढवलेली, संरक्षित रेझिनं विकत मिळतात. उत्पादकाने चढवण्याचं अवघड काम करून, चढलेलं प्रमाण मोजून, रिकाम्या जागांवर टोपण बसवून दिलेलं असतं. तयार रेझिन घेणं हा आळस नव्हे. अवघड गाठ जाणकाराकडून मारून घेण्याचा शहाणपणा आहे. पण गाठ दुसऱ्याने मारली म्हणून ती आपल्या कामाला योग्यच असेल असं नाही. तेवढ्यासाठी चिठ्ठी वाचायची.

‘०.६ मिलिमोल प्रति ग्रॅम’ याला मी या पुस्तकात ‘भरण’ म्हटलं आहे. ०.१ मिलिमोल पेप्टाइड हवं असेल तर असं रेझिन १६७ मिलिग्रॅम घ्यायचं, आणि पाचपट अमिनो आम्ल घालायचं तर दर पायरीला ०.५ मिलिमोल. भरण खरोखर किती हे पडताळता येतं. थोड्या रेझिनवरचं एफमॉक पिपरिडीनने काढायचं आणि सुटलेल्या द्रव्याचं ३०१ नॅनोमीटरवर प्रकाश-शोषण मोजायचं. अर्ध्या तासाचं काम. लहान पेप्टाइडला जास्त भरण परवडतं. तीस-चाळीस दुव्यांची साखळी असेल तर ०.२ ते ०.३ बरं, नाहीतर मण्याच्या आत साखळ्यांची इतकी दाटी होते की त्या एकमेकींना चिकटून बसतात आणि नवा दुवा आत शिरू शकत नाही.

दुसरा प्रश्न, साखळीच्या टोकाला काय हवं? टोक कार्बॉक्सिल आम्लाचं हवं असेल तर वँग चालतं. ऑक्सिटोसिनसारख्या अनेक संप्रेरकांचं टोक अमाइडचं असतं. त्यासाठी हान्स रिंक यांनी १९८७ मध्ये मांडलेलं रिंक अमाइड रेझिन. त्यावर पहिली जोडणी अमिनो गटाशीच होत असल्याने वर सांगितलेला घोळ उद्भवत नाही. तिसरी वाट ग्रीसमधल्या पात्राचे क्लेओमेनिस बार्लोस यांनी दाखवली : २-क्लोरोट्रायटिल रेझिन. इथे अमिनो आम्लाला सक्रिय करावंच लागत नाही, त्यामुळे डावा-उजवेपणा बिघडण्याचं कारणच उरत नाही. शिवाय ही गाठ एक टक्का ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लानेही सुटते, तेव्हा बाजूची आवरणं जागच्या जागी ठेवून अख्खा तुकडा सोडवून घेता येतो. हा गुण पुढे औषध उद्योगाला फार उपयोगी पडला.

माझा एक फजितीचा किस्सा सांगतो, कारण या पुस्तकाचं बीज त्यात आहे. नऊ दुव्यांचं पेप्टाइड करायचं होतं. शेवट ग्लायसिन-प्रोलिन असा. फ्रिजमध्ये प्रोलिन चढवलेलं वँग रेझिन होतं, तेच घेतलं. ग्लायसिन जोडलं, एफमॉक काढलं, तिसरं जोडलं. दर जोडणीनंतर कायझर चाचणी केली. निनहायड्रिन घालून तापवल्यावर मोकळा अमिनो हात असेल तर मणी निळे होतात. निळे झाले नाहीत म्हणजे जोडणी पूर्ण. माझे मणी प्रत्येक वेळी पिवळेच राहिले. एवढं निर्दोष काम आपल्या हातून होतंय म्हणून मी खूष. शेवटी ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लाने तोडणी केली, द्रव थंड ईथरमध्ये थेंब-थेंब सोडला. पांढरा साका खाली बसायला हवा. ईथर होतं तसं नितळ राहिलं.

झालं होतं असं. ग्लायसिनवरचं एफमॉक निघताच त्याचा मोकळा अमिनो हात मागे वळला आणि त्याने प्रोलिनची मण्याकडची गाठच सोडवली. दोघं मिळून सहा अणूंचं कडं, डायकिटोपिपरेझिन, बनून धुण्याबरोबर वाहून गेले. प्रोलिनची ठेवणच अशी, की त्याच्यापाशी साखळी सहज वळते. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी रिकाम्या मण्यांवर केल्या होत्या. चाचणीत निळा रंग आला नाही तो जोडणी पूर्ण झाली म्हणून नव्हे; निळं व्हायला तिथे काही उरलंच नव्हतं. एफमॉक काढल्यावर, जोडणीच्या आधी, एकदा चाचणी केली असती आणि निळा रंग दिसत नाही हे पाहिलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी उमगलं असतं. क्लोरोट्रायटिल रेझिन घेतलं असतं तर त्याच्या अवाढव्य अंगामुळे त्या हाताला गाठीपर्यंत पोचायला वावच मिळाला नसता, आणि हे घडलं नसतं. मी चिठ्ठीवर ‘प्रोलिन’ वाचलं होतं, ‘वँग’ वाचलं नव्हतं.

सगळ्याच चुका पहिल्या गाठीच्या नसतात. त्यांचा हिशेब या पुस्तकात सविस्तर आहे. इथे एकच आकडा. तीस दुव्यांच्या साखळीला २९ जोडण्या लागतात. प्रत्येक जोडणी ९९ टक्के झाली तर शेवटी सुमारे ७५ टक्के साखळ्या बिनचूक निघतात. ९७ टक्के झाली तर जेमतेम ४१. दोन टक्क्यांची हयगय अशी चक्रवाढीने वसूल होते. जोडणीची रसायनं म्हणूनच सतत सुधारत गेली. डीसीसीपासून एचबीटीयू, एचएटीयू आणि ऑक्झिमापर्यंतचा तो प्रवास स्वतंत्र प्रकरणात आहे.

या सगळ्या खटाटोपातून जगाला काय मिळालं? १९८८ मध्ये स्टीफन केंट यांच्या गटाने एचआयव्हीचं प्रोटिएज हे ९९ अमिनो आम्लांचं विकर घन आधारावर घडवलं. अशा संश्लेषित विकराच्या स्फटिकांतून १९८९ मध्ये त्याची अचूक रचना कळली, आणि एड्सवरच्या औषधांची एक फळी त्या रचनेच्या आधाराने उभी राहिली. २००३ मध्ये मान्यता मिळालेलं एन्फुविर्टाइड हे ३६ दुव्यांचं औषध. त्याचे तुकडे क्लोरोट्रायटिल रेझिनवर करून नंतर द्रावणात जोडले जातात. घन आधारावर टनांच्या हिशेबात माल काढता येतो, हे त्याने दाखवून दिलं.

मधुमेह आणि स्थूलपणावरच्या ज्या इंजेक्शनांची आज घरोघरी चर्चा आहे, त्यांच्या मुळाशी जीएलपी-१ हे संप्रेरक आहे. त्याचा नेमका क्रियाशील तुकडा ओळखण्यात मोठा वाटा असलेल्या स्वेतलाना मोयसोव्ह यांनी डॉक्टरेट केली ती मेरिफील्डच्याच प्रयोगशाळेत, ग्लुकागॉनच्या घन-आधार संश्लेषणावर. साखळी हव्या त्या लांबीची बनवता येत होती, म्हणूनच कुठली लांबी काम करते हे त्यांना तपासता आलं. २०२४ च्या लास्कर पुरस्काराने त्यांच्या कामाची दखल घेतली. २०२२ मध्ये मान्यता मिळालेलं तिर्झेपाटाइड ३९ दुव्यांचं आहे. त्याचेही तुकडे घन आधारावर बनवून जोडता येतात.

ही कल्पना पेप्टाइडपुरतीही राहिली नाही. आज कोणत्याही जनुक-चाचणीला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे घन कणांवरच, एकेक अक्षर जोडत बनतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्ण गणेश यांच्या गटाने पेप्टाइड न्यूक्लिइक आम्लांवर दीर्घकाळ काम केलं. डीएनएची अक्षरं आणि पेप्टाइडसारखा कणा असलेले हे संकरित रेणूही रेझिनच्या मण्यांवरच वाढवले जातात. तेव्हा हा विषय आपल्यापासून सातासमुद्रापार आहे असं मराठी विद्यार्थ्याने समजू नये.

या पद्धतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. शुद्धीकरणाचे कष्ट वाचले ते धुण्याच्या जोरावर, आणि धुणं विद्रावकांनी होतं. एक किलो पेप्टाइड बनवताना हजारो किलो द्रव्यं वापरली जातात, त्यांतली बहुतेक विद्रावकं. सर्वांत जास्त लागणारं डीएमएफ प्रजननाला अपायकारक. युरोपीय संघाने डिसेंबर २०२३ पासून त्याच्या वापरावर बंधनं घातली आहेत. ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल निसर्गात सहजी विघटित होत नाही. कमी धुणी, निरुपद्रवी विद्रावकं आणि परत वापरता येणारी द्रव्यं यांचा शोध चालू आहे, आणि तुमच्यापैकी कुणाला पुढे काम करायचं असेल तर हे रान अजून बरंच मोकळं आहे.

थोडं परिभाषेविषयी. रेझिनला मराठीत राळ हा जुना शब्द आहे, पण राळ म्हटलं की नाकात धुपाचा वास येतो. म्हणून रेझिनच ठेवलं. जोडणी, भरण, टोपण हे शब्द सहज रुळतील असं वाटतं. मण्यावरून पेप्टाइड सोडवण्याला ‘तोडणी’ म्हटलं, तेव्हा कच्चं हस्तलिखित वाचणारा एक विद्यार्थी हसला. त्याच्या गावी तोडणी उसाची. मी शब्द बदलला नाही. वर्षभर वाढवलेलं पीक एका घावात कापायचं, आणि तोडणी चुकली तर सारा हंगाम वाया, हा अर्थ त्या शब्दात आपसूक येतो. संरक्षक गटांची आणि विद्रावकांची नावं मात्र जगभर चालतात तशीच ठेवली आहेत. बाटलीवर तीच असतात.

पुस्तक कोणासाठी? रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या, पण रेझिनचा मणी अजून हाताळलेला नसलेल्या मुलामुलींसाठी; औषध कारखान्यात यंत्राचं बटण दाबणाऱ्या, पण आत काय चाललंय हे जाणून घ्यायची इच्छा असलेल्या तंत्रज्ञांसाठी. प्रकरणं कामाच्या क्रमानेच लावली आहेत. आधी मणी, मग पहिलं अमिनो आम्ल, मग जोडणी, चाचण्या, तोडणी, शुद्धीकरण. पहिल्या अमिनो आम्लावरचं प्रकरण सर्वांत लांब झालं आहे. मित्रांनी ते कापायला सांगितलं. मी कापलं नाही.

शेवटी एक घरगुती सूचना, जी एरवी कुठल्या तरी तळटीपेत हरवते. फ्रिजमधून काढलेली बाटली लगेच उघडू नका. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली असते. थंड बाटलीचं झाकण फिरवलं की क्षणात आत दव धरतं, आणि कोरं क्लोरोट्रायटिल क्लोराइड रेझिन तेवढ्या पाण्यानेही मरतं. आधी चढवलेली रेझिनं जास्त सोशिक असतात, तरी सवय एकच ठेवावी. बाटली टेबलावर ठेवा, तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्या. त्याला अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात चिठ्ठी वाचून होते.